ओळख झाली, करार कोण शिकवणार? आशिया-युरोप निर्माता कार्यशाळांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
आशिया आणि युरोपातील नवोदित चित्रपट निर्मात्यांसाठी कार्यशाळा, लॅब आणि सहनिर्मिती बाजार भरवणाऱ्या संस्थांचे संचालक, तसेच या उपक्रमांना अर्थसाहाय्य देणारे सार्वजनिक निधी यांस

विषय : कार्यशाळा संपल्यानंतरच्या काळाची जबाबदारी

महोदय, महोदया,

मी एक स्वतंत्र चित्रपट निर्माती आहे. तुम्ही भरवता तशा कार्यशाळांमध्ये मी दोनदा प्रशिक्षणार्थी म्हणून आणि एकदा एका सहकाऱ्याच्या प्रकल्पाची भागीदार म्हणून बसले आहे, आणि तिथे झालेल्या ओळखींवर माझे निम्मे काम आजही चालते. त्यामुळे हे पत्र केवळ तक्रार म्हणून वाचले जाऊ नये अशी इच्छा असली, तरी त्यात तक्रार आहे हे लपवण्यात अर्थ नाही. चित्रपट कसा मांडावा हे तुम्ही आम्हाला उत्तम शिकवता, तो ऐकायला योग्य माणसे समोर आणून बसवता, आणि जिथून निर्मात्याचे खरे काम सुरू होते, म्हणजे करार, अर्थनियोजन आणि पैशाची ये-जा, नेमके तिथे निरोपसमारंभ करून आम्हाला विमानतळावर सोडता.

हे जाळे विणायला किती वर्षे लागली याची मला जाणीव आहे. रॉटरडॅमच्या महोत्सवाने १९८३ मध्ये सिनेमार्ट सुरू केले, तेव्हा सहनिर्मितीचा बाजार, म्हणजे होऊ घातलेल्या चित्रपटांसाठी देशोदेशीचे भागीदार शोधण्याची जागा, ही कल्पनाच नवी होती. लक्झेंबर्गमधून चालणारी ‘ईव्ह’ ही निर्मात्यांची प्रशिक्षणसंस्था १९८८ पासूनची. बुसानचा प्रकल्प-बाजार १९९८ मध्ये उभा राहिला, फ्रान्समधल्या नांतच्या ‘तीन खंडांच्या महोत्सवा’ने २००० मध्ये निर्मात्यांसाठी कार्यशाळा सुरू केली, गोव्यातला फिल्म बाजार २००७ मध्ये आला. इटलीतल्या उडिनेच्या फार ईस्ट महोत्सवाच्या साथीने चालणाऱ्या ‘टाइज दॅट बाइंड’ने एक सत्र युरोपात आणि दुसरे आशियात घेण्याचा पायंडा पाडला, तो मला या सगळ्यांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण आमच्या बाजूला येऊन बसल्याशिवाय युरोपातल्या निर्मात्याला आमचे बजेट कळत नाही. आमच्या बजेटमध्ये जी ओळ त्याला हास्यास्पदरीत्या लहान वाटते, तिच्यामागे किती माणसे उभी आहेत हे त्याला आमच्या कार्यालयातच दिसते.

तसे पाहिले तर या दोन खंडांमधले शिकणे-शिकवणे आजचे नाही. दादासाहेब फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर उभ्या केलेल्या पैशांतून लंडनला गेले आणि ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कार्यालयात ओळखदेख नसताना शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असेच सुचवले, मग त्यांची तळमळ पाहून इंग्रज चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळक्यांनी चित्रपट प्रत्यक्ष घडताना पाहिला, विल्यम्सन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि ते परतले. आजच्या भाषेत सांगायचे तर नेटवर्किंग एका भेटीत आटोपले आणि उरलेला वेळ कारखाना आतून पाहण्यात गेला. तुमच्या वेळापत्रकात हे प्रमाण बहुधा उलटे असते. पुढे १९२५ मध्ये हिमांशू राय यांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीबरोबर चित्रपट केला, तेव्हा भांडवल, नट आणि स्थळे भारताची होती, दिग्दर्शक, कॅमेरामन आणि यंत्रसामग्री जर्मनांची, आणि बदल्यात युरोपातले वितरणहक्क जर्मनांकडे गेले. कोणी काय दिले आणि कोणाला काय मिळाले हे त्या व्यवहारात एका वाक्यात सांगता येते. आजच्या कार्यशाळेतून बाहेर पडलेल्या नवोदिताला स्वतःच्या चित्रपटाबद्दल इतके सांगता येईलच याची मला खात्री नाही.

अडचणीचे एक मूळ शब्दातच आहे. मराठीत निर्माता म्हटले की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘त्याला निर्माता मिळाला’ याचा अर्थ त्याला पैसेवाला मिळाला असाच घेतला जातो. तुमच्याकडचा निर्माता स्वतःच्या खिशातून फार थोडे घालतो. तो हक्क गोळा करतो, त्या हक्कांच्या आधारावर पाच-सात दारांतून पैसा जमवतो आणि प्रत्येक दाराला वेगळा हिशेब देतो. तुमचे अभ्यासक्रम ही दुसरी भूमिका गृहीत धरून आखलेले असतात. आमच्यातला जो माणूस पहिल्या भूमिकेतून आलेला असतो, किंवा दिग्दर्शकाचा जुना मित्र म्हणून ही जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडलेली असते, तो पटकथेवरच्या चर्चेत खुलतो आणि आकड्यांच्या सत्रात मान डोलावत राहतो. मान डोलावणाऱ्याला किती समजलेले असते, हे मी स्वतःवरून सांगू शकते.

एका कार्यशाळेत अर्थनियोजनाच्या सत्राला प्रत्येकाचा तक्ता पडद्यावर लावला होता. स्रोत, रक्कम आणि स्थिती असे तीन रकाने. माझ्या संभाव्य युरोपीय भागीदाराच्या ओळींपुढे ‘अर्ज केला’, ‘निकाल जूनमध्ये’, ‘मंजूर’ असे शेरे होते. माझ्या ओळीत ‘निर्मात्याची गुंतवणूक’ असे लिहिले होते आणि तिच्यात माझे न घेतलेले मानधन, मित्राचा कॅमेरा आणि कार्यालय म्हणून वापरायची घरातली खोली यांची किंमत धरली होती. मार्गदर्शकांनी विचारले, “याचा पुरावा काय देणार?” मी म्हणाले, “कॅमेरा आहे ना!” सगळे हसले, मीही हसले, आणि सत्र पुढे सरकले. त्या प्रश्नाचे उत्तर मला सहा महिन्यांनी भागीदाराच्या वकिलाकडून मिळाले. बाजारभावाचे कोटेशन आणि लेखी करार नसेल तर अशी वस्तुरूप गुंतवणूक माझा हिस्सा ठरवताना मोजता येणार नाही, असे त्यांनी कळवले, आणि एका ई-मेलसरशी माझी मालकी जवळपास निम्म्यावर आली. दोन कागद वेळेवर केले असते तर हे टळले असते. कोणते दोन कागद, हे सांगायला त्या सत्रात पाच मिनिटे लागली असती.

युरोपातल्या सार्वजनिक पैशाचा स्वभावही आम्हाला असाच, ठेच लागल्यावर कळतो. युरोपीय आयोगाच्या चित्रपटसाहाय्याविषयीच्या २०१३ च्या नियमांनुसार एखादा सदस्यदेश दिलेल्या मदतीच्या जास्तीत जास्त १६० टक्के इतकी रक्कम आपल्या हद्दीत खर्च करण्याची अट घालू शकतो, मात्र ही अट एकूण बजेटच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. आता समजा, पाच लाख युरोंचा चित्रपट आहे आणि तो संपूर्णपणे आशियात चित्रित व्हायचा आहे. एका देशाने एक लाख युरो देऊन कमाल अट लावली, तर एक लाख साठ हजार युरो त्या देशात खर्चावे लागतात. दुसऱ्या देशानेही तसेच केले, तर मिळाले दोन लाख आणि बांधले गेले तीन लाख वीस हजार. ज्या जागी आणि ज्या नटांसोबत चित्रपट घडतो त्या चित्रीकरणासाठी उरले एक लाख ऐंशी हजार. सगळेच निधी इतकी कडक अट लावत नाहीत हे खरे, पण ‘दोन देशांचा पैसा आला’ म्हणून आनंदाने घरी फोन करणाऱ्या नवोदिताला ही वजाबाकी त्याच दिवशी कोणीतरी करून दाखवायला हवी.

बांधलेला पैसा बहुतेक वेळा पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये जातो, ध्वनी एका देशात आणि रंगसंस्करण दुसऱ्या देशात. माझ्या चित्रपटाचे ध्वनिसंकलन करणारा तरुण अत्यंत कुशल होता, पण त्याला चित्रपटाची भाषा येत नव्हती. एका प्रसंगात शेजारच्या खोलीतून म्हातारी काहीतरी पुटपुटते. त्याने तो गोंगाट समजून स्वच्छ काढून टाकला. सबंध प्रसंग त्या पुटपुटण्यावर उभा होता. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. भाषा जाणणारा सहायक त्याच्या शेजारी बसवण्याचा खर्च बजेटमध्ये धरायला हवा होता, आणि तो खर्च कोणत्या देशाच्या खात्यात मोजला जाईल हे भागीदाराला आधी विचारायला हवे होते. ही एक ओळ लिहायला मला कोणत्याही कार्यशाळेत कोणी सांगितले नव्हते.

त्याच २०१३ च्या नियमांत आमच्या उपयोगाचीही एक तरतूद आहे आणि तिच्याबद्दल मी एकाही सत्रात ऐकलेले नाही. सार्वजनिक मदत साधारणपणे बजेटच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि एकापेक्षा अधिक सदस्यदेशांच्या सहनिर्मितीत ६० टक्क्यांपर्यंत असावी, असा तो नियम आहे. पण ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीच्या यादीतील, म्हणजे विकासमदतीस पात्र, देशांबरोबरची सहनिर्मिती या मर्यादेतून वगळलेली आहे. भारत, नेपाळ, बांगलादेश, इंडोनेशिया, व्हिएतनाम हे देश त्या यादीत आहेत. जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर नाहीत. म्हणजे तुमच्या पत्रिकेवर ‘आशियाई’ या एकाच नावाखाली बसलेल्या दोन निर्मात्यांची वाटाघाटीतली ताकद मुळात वेगळी असते, आणि अनेकदा दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. उलट बाजूने पाहिले, तर ज्यांना यादीची सवलत नाही त्यांच्यापैकी काहींच्या घरी सक्षम राष्ट्रीय निधी आहे. कोरियाचा निर्माता आपल्या चित्रपट परिषदेच्या बळावर बोलतो, तर ज्या देशात असा निधीच नाही तिथला निर्माता केवळ दिग्दर्शकाच्या नावावर. एकाच मापाचा अभ्यासक्रम या दोघांना पुरा पडणार नाही.

कायद्याची दारे तुलनेने उघडी होत आहेत. कौन्सिल ऑफ युरोपचा सहनिर्मितीविषयक करार १९९२ चा. तो २०१७ मध्ये रॉटरडॅम येथे सुधारला गेला, युरोपाबाहेरच्या देशांना त्यात सामील होण्याची वाट मिळाली, आणि बहुपक्षीय सहनिर्मितीत किमान हिस्सा १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर द्विपक्षीयमध्ये २० वरून १० टक्क्यांवर आला. भारताचे इटली, जर्मनी, फ्रान्स, स्पेन, पोलंड अशा देशांशी स्वतंत्र करार आहेत. या सवलतींचे तुमच्या व्याख्यानांत यथायोग्य कौतुक होते. मात्र पाच-दहा टक्क्यांच्या भागीदाराला कोणते हक्क द्यावेत आणि कोणते हातचे सोडू नयेत, हे व्याख्यानात येत नाही. शिवाय अनेक निधींचा अर्ज युरोपातल्या कंपनीनेच करायचा असतो किंवा तिथला भागीदार सक्तीचा असतो. बर्लिनच्या वर्ल्ड सिनेमा फंडासारखा निधी २००४ पासून पैसा चित्रपटाच्या मूळ प्रदेशातच खर्च व्हावा असा आग्रह धरतो, हे मोठेच औदार्य आहे. तरी तिथेही जर्मन भागीदार लागतोच. मला या अटीवर आक्षेप नाही, कारण पैसा त्यांच्या करदात्यांचा आहे. पण निधीशी पत्रव्यवहार ज्याच्या नावाने होतो, त्याच्याकडे माहिती आधी पोहोचते, आणि चित्रपट कोणाचा हे कागदावर काहीही असले तरी व्यवहारात माहिती ज्याच्याकडे तोच वरचढ ठरतो.

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की करार हा कार्यशाळेचा मुख्य विषय करावा आणि त्यासाठी खरे करार टेबलावर ठेवावेत. नावे आणि आकडे काळ्या पट्टीने झाका, कलमे मात्र पूर्ण दाखवा. वसुलीच्या क्रमात, म्हणजे कमाई कोणाला आधी मिळते त्या क्रमात, सेल्स एजंटचे (चित्रपटाचे हक्क देशोदेशी विकणाऱ्याचे) कमिशन आणि खर्च आधी वजा झाल्यावर खाली किती उतरते, त्या खर्चाला कमाल मर्यादा घातली नाही तर काय होते, एमजी (मिनिमम गॅरंटी, म्हणजे हक्कांपोटी आगाऊ मिळणारी हमीची रक्कम) म्हणून आलेली रक्कम नेमकी कोणाच्या हिश्शात जमा धरायची, भागीदाराच्या निधीने नकार दिल्यास त्याला दिलेले हक्क किती दिवसांत परत येतात, अंतिम संकलनावर कोणाची मोहोर लागते, आणि पुनर्निर्मितीचे हक्क ‘नेहमीचेच कलम आहे’ असे म्हणून सही करून घेतले जातात तेव्हा काय विचारायचे, हे सगळे एका खऱ्या करारावर दोन दिवस बसले की कळते. पिचिंगच्या तालमीतून दोन दिवस कमी झाले तर आकाश कोसळणार नाही. सात मिनिटांत चित्रपट सांगण्याची कला मी दोनदा शिकले, आणि माझ्या चित्रपटाला पैसे देणाऱ्यांपैकी कोणीही तो सात मिनिटांत ऐकून दिलेले नाहीत.

पैशाच्या ये-जेचेही असेच. मंजूर झालेला पैसा आणि हातात आलेला पैसा यांच्यामध्ये महिने जातात. हप्ते चित्रीकरणाचा आरंभ, कच्चे संकलन, अंतिम प्रत अशा टप्प्यांवर सुटतात आणि शेवटचा हप्ता लेखापरीक्षणानंतर येतो. युरोपातला निर्माता निधीचे मंजुरीपत्र दाखवून बँकेकडून मधल्या काळाचे कर्ज उचलू शकतो. मला परदेशी निधीच्या पत्रावर कर्ज देणारी एकही बँक आजवर भेटलेली नाही, त्यामुळे ती खिंड मी घरच्या दागिन्यांवर आणि युनिटच्या सहनशीलतेवर लढवली. त्यातच करार युरोत आणि रोजंदारी स्थानिक चलनात असल्यामुळे विनिमयदर हलला की वेळापत्रकातले दिवस कमी होतात. निधी देणाऱ्यांनी पहिला हप्ता थोडा मोठा केला, तरी या खिंडीतले बरेच हाल वाचतील, आणि त्यासाठी नव्या पैशाची गरज नाही.

व्हिसाबद्दल एवढेच लिहिते की शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तुमची निमंत्रणपत्रे कित्येकदा प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी येतात. निवडीची तारीख आधी आणा. रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांत आशियाई नावांच्याच पाट्या का असतात, याचे उत्तर आपोआप मिळेल.

दुसरी मागणी काळाची आहे. अर्ध्या तासाची घंटा वाजवून टेबले बदलणाऱ्या भेटींतून ओळख होते, विश्वास बसत नाही. चित्रपटाला कल्पनेपासून पडद्यापर्यंत चार-पाच वर्षे सहज लागतात, आणि जोडी तुटण्याचा खरा धोका पहिल्या नकारानंतरच्या महिन्यांत असतो. तेव्हा दोघांपैकी एक ई-मेलला उत्तर द्यायचे थांबतो, दुसरा ते मनाला लावून घेतो, आणि एक चांगला प्रकल्प कोणाचाही दोष नसताना विझतो. कार्यशाळेनंतर किमान अठरा महिने प्रत्येक जोडीला एक ज्येष्ठ निर्माता आणि ठरावीक तासांपुरता एक वकील उपलब्ध करून द्या. खर्चाचा प्रश्न येईल म्हणून सांगते : सहभागींची संख्या निम्मी करा. मी स्वतः त्या निम्म्यात नसते, ही शक्यता धरून हे लिहीत आहे.

निवडीच्या निकषांबद्दलही बोलायला हवे. अर्जात निर्मात्याबद्दल एक पान आणि प्रकल्पाबद्दल पंधरा पाने मागितली जातात, तेव्हा निवड दिग्दर्शकाची होते आणि प्रशिक्षण निर्मात्याला मिळते. मग तो प्रकल्प रखडला की निर्माताही तुमच्या यादीतून गळतो, जरी पुढच्या तीन चित्रपटांना पुरेल इतके तो शिकलेला असला तरी. माणसाची निवड करा. प्रकल्प हा त्याचा सध्याचा गृहपाठ समजा.

आणखी एक निरीक्षण मला इथे नोंदवावेसे वाटते, जरी ते तुमच्या उद्दिष्टांत कदाचित बसत नसेल. कार्यशाळेत आम्ही सगळे आशियाई युरोपाकडे तोंड करून बसतो आणि एकमेकांकडे पाठ. मनिलाच्या आणि ढाक्याच्या निर्मात्यांची अडचण सारखीच असते, पण त्यांची भेट ठरवली जात नाही, कारण त्यांच्यापैकी कोणाकडेच ‘देण्यासारखे’ काही नाही असे मानले जाते. मला आजवरचा सर्वांत उपयोगी सल्ला दुसऱ्या एका आशियाई देशातल्या सहप्रशिक्षणार्थीने जेवणाच्या रांगेत दिला, आणि तो होता भागीदाराशी पहिल्याच पत्रात हिशेबाची भाषा, चलन आणि लेखापरीक्षक कोण हे विचारून घेण्याचा. एक दिवस आशियातल्या निर्मात्यांनी आपसांत बसण्यासाठी राखून ठेवा आणि युरोपातल्या सहकाऱ्यांना तिथे केवळ श्रोते म्हणून बोलवा.

शेवटी निधी देणाऱ्यांना उद्देशून. युरोपीय संघाने युरोपाबाहेरच्या देशांशी सहकार्यासाठी ‘मीडिया मुंडुस’ हा दीड कोटी युरोंचा कार्यक्रम २०११ ते २०१३ या काळात चालवला आणि त्यातून प्रशिक्षणालाही पैसा मिळाला. तीन वर्षांनी तो स्वतंत्र कार्यक्रम म्हणून संपला आणि पुढचे काम ‘क्रिएटिव्ह युरोप’च्या मोठ्या छत्राखाली गेले. ज्या निर्मात्याने त्या काळात पहिला प्रकल्प हाती घेतला असेल, त्याचा चित्रपट पूर्ण होण्याआधीच कार्यक्रमाचा अहवाल लिहून झाला असणार. अहवालात किती भेटी झाल्या हे येते, कारण ते लगेच मोजता येते. पाच वर्षांनी त्यांपैकी किती निर्माते अजून या व्यवसायात आहेत, आणि त्यांच्या चित्रपटांचे हक्क कोणाकडे आहेत, हे दोन आकडे मागायला सुरुवात करा. आयोजक आपोआप वेगळे वेळापत्रक आखतील.

माझा पहिला सहनिर्मिती करार माझ्याकडे आहे. भागीदाराच्या लेखी संमतीने त्यातली नावे झाकून तो मी प्रशिक्षणासाठी द्यायला तयार आहे. त्यात माझ्या तीन चुका आहेत, आणि त्या कुठल्या कलमांत आहेत हे समासात पेन्सिलीने खुणावून ठेवले आहे. तुमच्यापैकी ज्यांना तो वापरायचा असेल त्यांनी कळवावे. पुढच्या अर्जांची मुदत जाहीर होण्याआधी कळवले तर बरे, म्हणजे त्या तुकडीला तो सही करण्यापूर्वी वाचता येईल.

आपली,
एक स्वतंत्र चित्रपट निर्माती